पानाआडचं मुंगूस

बाजारातल्या गल्लीत, घड्याळवाला आणि किल्लीवाला यांच्या मधल्या जिन्याखाली एक दुकान होतं. दुकान आपलं म्हणायला. आत एक माणूस बसला की दुसऱ्याला आत शिरायला पहिल्याची परवानगी लागायची. तिथे बसायच्या त्या रफूमावशी. त्यांना दुसरं नाव असणारच, पण ते लग्नात आणि मतदानाला वापरण्यापुरतं. बाकी सगळा बाजार त्यांना रफूमावशीच म्हणायचा, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला घड्याळवालासुद्धा.

कोणाच्या कोटाला सिगारेटने भोक पडलेलं असायचं, कोणाची शाल उंदराने चाखून बघितलेली असायची, कोणाची नवीकोरी पॅंट सायकलच्या चेनमध्ये जाऊन आलेली असायची. मावशी त्या कपड्याच्याच आतल्या शिवणीतून चार दोरे अलगद ओढून घ्यायच्या, डोळ्यावर भिंग चढवायच्या आणि भोकावर आधी उभे दोरे, मग त्यांच्यातून खालीवर करत आडवे दोरे, असं तेवढं कापडच नव्याने विणायच्या. वरून इस्त्रीचा हात फिरला की संपलं. गिऱ्हाईक कपडा उजेडात धरायचं, उलटासुलटा करायचं आणि विचारायचं, "मावशी, होतं कुठे हो भोक?"

"मला काय विचारता? फाडलंत तुम्ही!" मावशी म्हणायच्या.

हा विनोद त्यांनी जन्मभर केला आणि गिऱ्हाइकं जन्मभर हसली. पण मावशींच्या मनात एक बारीकशी टोचणी होतीच. सुताराने खुर्ची केली तर ती दिसते. गवंड्याने भिंत बांधली तर ती दिसते, वाकडी असली तर जरा जास्तच दिसते. मावशींचं काम जितकं चांगलं, तितकं ते कोणाला दिसत नव्हतं. रफू केलेला कोट घालून माणूस समारंभाला जायचा, तिथे लोक म्हणायचे, काय सुंदर कोट आहे! श्रेय जायचं शिंप्याला.

मावशी रोज दुकान उघडण्याआधी देवापुढे हात जोडायच्या. मागणं वगैरे फारसं नसायचं, दोन शब्द बोलणं असायचं. "तुझं बरं आहे," त्या म्हणायच्या, "तू दिसत नाहीस, पण तू केलेलं सगळं दिसतं. माझं उलटं आहे बघ. मी दिसते, मी केलेलं दिसत नाही." देवाने यावर कधी काही म्हटलं नाही. मावशींचाही तसा आग्रह नव्हता.

घरी तीन माणसं. मावशी, त्यांचे यजमान आणि नणंद. यजमान बसच्या डेपोत मेकॅनिक होते. इंजिनांच्या आवाजाने त्यांचा एक कान गेला होता. कोणता गेला होता ते समोर कोण बोलतंय त्यावर ठरायचं. नणंदेने लग्न केलं नव्हतं, आणि नोकरी केली ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, चौकशी काही सुटली नाही. शेजारच्यांकडे पाहुणे आले की ते कुठून आले, कधी जाणार आणि मधे कुठे उतरणार आहेत, हे नणंदेला त्या पाहुण्यांच्याही आधी ठाऊक असायचं. बाई सडसडीत, नाक टोकदार, डोळ्यांवर गोल काचांचा चष्मा, आणि कुठे जरा खुट्ट झालं की मान उंच करून आधी डावीकडे, मग उजवीकडे बघायची सवय.

"वहिनी, दारात कोण होतं?"

"कोणी नाही वन्सं, वारा होता."

"मग बोलत कोण होतं?"

असा संसार चालला होता. पण एक दिवस मावशींच्या सुईत दोरा जाईना. भिंग बदललं, दिवा जवळ ओढला, सुईला चार शब्द सुनावले, तरी जाईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता बारीक काम सकाळच्या उजेडात करायचं, दुपारी डोळ्यांना विश्रांती. तेव्हापासून दुकान दुपारी बंद व्हायला लागलं आणि मावशींच्या पदरात आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या दुपारी येऊन पडल्या. रिकामी दुपार कशी घालवतात हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी घरातले सगळे पडदे तपासले, यजमानांच्या जुन्या बनियनला रफू केला, आणि यजमान म्हणाले, "अगं, आता मला तरी सोड."

त्याच आठवड्यात सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर ज्येष्ठांसाठी चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. मावशींनी नाव घातलं. नणंदेनेही घातलं. चित्रांची आवड होती म्हणून नव्हे, तिथे काय चालतं ते बघायला हवं म्हणून.

वर्ग घ्यायचे ते सर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. फार सज्जन माणूस. कोणाचंही चित्र वाईट म्हणायला त्यांची जीभ रेटायची नाही. चांगल्या चित्राला ते "छान" म्हणायचे आणि बाकीच्यांना "वेगळं आहे" म्हणायचे. निवृत्त पोस्टमास्तरांनी घोडा काढला, तो "वेगळा आहे" निघाला. दवाखान्यातल्या माजी नर्सबाईंचा धबधबाही वेगळाच होता. आणि सर वर्गात चष्मा लावत नसत. म्हणत, चष्मा लावला की माणूस बारीकसारीक बघत बसतो, चित्र कसं एकदम बघावं. त्यामुळे त्यांना नेमकं काय दिसायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.

वर्ग रुळला, आणि एक दिवस ग्रंथपाल बाई माडीवर आल्या. तरुण, चटपटीत, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. ती पेन्सिल बाई दिवसभर इतरत्र शोधत असायच्या. त्यांनी सांगितलं, खाली मुलांसाठी वेगळी खोली करतोय. एक भिंत मोकळी आहे. तुमच्यापैकी एकाचं चित्र तिथे कायमचं लावणार. विषय असा, की आपल्या अवतीभवती राहणारा, झाडाझुडपातला एखादा छोटा प्राणी.

कायमचं लावणार! मावशींच्या कानात तेवढंच राहिलं. घरी आल्या तरी त्या चपला हातात घेऊन उभ्या.

"काय झालं?" यजमानांनी विचारलं.

"भिंतीवर लावणार आहेत. एकाचं."

"बरं मग?"

"अहो, इतकी वर्षं मी जे केलं ते लोकांना दिसू नये म्हणून केलं. एकदा तरी माझं काहीतरी भिंतीवर असावं, आणि लोकांनी मान वर करून ते बघावं. एवढंच."

यजमानांचे त्या दिवशी दोन्ही कान शाबूत होते. ते म्हणाले, "कर की मग. कोण नको म्हणतंय?"

आतल्या खोलीतून आवाज आला, "मी पण करणार आहे. ससा!"

मावशींनी मुंगूस घेतलं. घरामागच्या कुंपणातून एक मुंगूस अधूनमधून जायचं, ते त्यांनी भांडी घासताना अनेकदा पाहिलेलं होतं. सरांनी सगळ्यांना तेलरंग दिले होते. सांगितलं होतं, आधी प्राणी काढा, मग भोवती पानं. मावशींनी कॅनव्हासच्या डाव्या कोपऱ्यात मुंगूस काढलं. मागच्या पायांवर उभं राहून, मान उंच करून बघणारं. तांबूस तपकिरी रंग दिला, टोकदार नाक काढलं, बारीक डोळे काढले. डोळे जरा मोठे झाले म्हणून त्यांच्याभोवती एकेक गोल ओढला, आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

कॅनव्हासमधून नणंद त्यांच्याकडे बघत होती.

साक्षात! तेच नाक, तोच चष्मा, तीच मान. आता ती "वहिनी, दारात कोण होतं?" असं विचारणार, एवढंच बाकी होतं. मावशींनी पदर तोंडाला लावला. हसू पोटात मावेना आणि भीतीही वाटत होती, कारण खुद्द वन्सं पलीकडे माठातलं पाणी प्यायला गेल्या होत्या आणि कोणत्याही क्षणी परत येणार होत्या.

आता दुसऱ्या कोणी ते पुसलं असतं, खरवडलं असतं, नवीन कॅनव्हास मागितला असता. पण मावशींचा हात जन्मभर एकच गोष्ट शिकलेला. बिघडलं की झाकायचं, आणि असं झाकायचं की झाकलेलं कळता कामा नये. त्यांनी हिरवा रंग घेतला आणि मुंगसाच्या तोंडावर एक मोठं पान काढलं. खालचा तपकिरी रंग हिरव्यातून डोकावायला लागला, म्हणून आणखी जाड लावला. मग पानाला शिरा काढल्या. उभ्या, आडव्या, एकीखालून दुसरी. नणंद परत आली तेव्हा तिथे फक्त पान होतं, आणि ते इतकं जिवंत होतं की देठापासून तोडून घ्यावंसं वाटावं.

"मुंगूस कुठाय?" नणंद म्हणाली.

"येतंय," मावशी म्हणाल्या.

दुसरं मुंगूस त्यांनी मधोमध काढलं, पळणारं. ते बाटल्या धुवायच्या ब्रशसारखं झालं. मावशींनी त्याच्यावर दोन पानं ठेवली आणि एक फांदी आडवी घातली. नणंदेने हे बघितलं.

"त्याला काय झालं?"

"गेलं ते."

तिसरं मुंगूस उजवीकडे, खाली बसलेलं. हे अंगाने छान जमलं, शेपटीचे केससुद्धा जमले. पण डोळे काढताना एक डोळा पूर्वेला गेला आणि एक पश्चिमेला. मावशींनी डोळ्यांवर एक छोटं पान ठेवलं. मग डोळे नसलेलं अंग भलतंच दिसायला लागलं, म्हणून अंगावर ठेवलं. मग शेपटी एकटीच उरली, ती कोणाची हे कळेना, म्हणून तिच्यावर गवत काढलं.

चित्र द्यायच्या दिवशी मावशींनी ते दूर ठेवून बघितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की यात पानं आहेत. नुसती पानं आहेत. कोवळी पानं, जून पानं, किडीने खाल्लेली पानं, एकमेकांत घुसलेली, उन्हाने अर्धी पिवळी झालेली. इतकी सुरेख पानं अख्ख्या वर्गात कोणाला जमली नव्हती. फक्त मुंगूस नव्हतं. चौथं काढायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. काय सांगावं, ते सरांसारखं व्हायचं.

त्यांनी तसंच नेलं. खाली चिठ्ठी लावायची होती, तिच्यावर लिहिलं, "पानाआडचं मुंगूस".

ग्रंथपाल बाई आणि सर एकेक चित्र बघत आले. नणंदेचा ससा पांढराशुभ्र होता, साबणाच्या नव्या वडीसारखा. त्याच्या दोन बाजूंना दोन पानं होती, पट्टीने मोजून सारख्या मापाची. "वेगळं आहे," सर म्हणाले. नणंद खूश झाली. तिला सरांची भाषा अजून कळली नव्हती.

मग ते मावशींच्या चित्रापुढे आले. ग्रंथपाल बाई थांबल्या. पुढे झाल्या, मागे झाल्या. चिठ्ठी वाचली. परत बघितलं.

"मावशी, मुंगूस..."

खोटं बोलायची मावशींना सवय नव्हती आणि इच्छाही नव्हती. त्यांनी मनातल्या मनात देवाला म्हटलं, बघ बाबा, आता मी एकही शब्द चुकीचा बोलत नाहीये.

"आत आहे," त्या म्हणाल्या.

"आत?"

"पानांच्या आत. मी स्वतः काढलंय."

ग्रंथपाल बाईंनी सरांकडे बघितलं. सरांचा चष्मा खिशात होता. त्यांना समोर एक मोठं हिरवं काहीतरी दिसत होतं. पण चित्रकलेच्या शिक्षकाने चित्रातलं मुंगूस दिसत नाही असं सांगायचं म्हणजे काय!

"छान," सर म्हणाले. "लपलंय छान."

सरांना दिसतंय म्हटल्यावर ग्रंथपाल बाईंनी आणखी निरखून बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अय्या! ती काय शेपटी! किती बेमालूम काढलंय हो! मुलं तर शोधत बसतील. हेच लावायचं!"

टाळ्या वाजल्या. पोस्टमास्तरांनाही लगेच कान दिसला. नर्सबाईंना दोन पंजे दिसले. सगळ्या माडीवर ज्याला मुंगूस दिसत नव्हतं असं माणूस एकच होतं, आणि ते मान उंच करून आधी डावीकडे, मग उजवीकडे बघत होतं.

घरी पोचेपर्यंत नणंद गप्प होती. हे लक्षण चांगलं नव्हतं. दार लागलं आणि ती सुरू झाली.

"दादा, तुझ्या बायकोने सगळ्या वाचनालयाला फसवलं!"

यजमानांनी वर्तमानपत्र खाली केलं. "हिने? रफूवालीने? मग नेहमीसारखं कोणाला कळलं नसेल."

"चेष्टा करू नकोस. त्या चित्रात मुंगूस नाही! मी या डोळ्यांनी बघितलंय, यांनी एकेकाला पानांखाली पुरलंय!"

"पुरलं असेल," मावशी म्हणाल्या, "पण आहे ना तिथेच?"

"मग खरवडून दाखवा! रंग अजून ओलाच असेल. ते डावीकडचं मोठं पान आहे ना, तिथून सुरुवात करा. त्याच्याखालचं तर मला बघायलाच मिळालं नाही."

मावशी लगबगीने पुढे झाल्या. "नको नको, ते पान नको."

"का? त्या पानात काय आहे?"

"पान... पान चांगलं जमलंय."

"ते काही नाही. उद्या सकाळी मी जाऊन ग्रंथपाल बाईंना सांगणार. कपाळावर डोळे आहेत ना माझ्या? जे नाही ते नाही!"

"मला तर दिसलं बुवा," यजमान वर्तमानपत्रामागून म्हणाले. "दोन दिसली."

"तू चित्र बघितलं तरी आहेस का?"

यजमानांचा तो कान गेलेला होता.

संध्याकाळी मावशी देवापुढे बसल्या. नेहमीसारखं बोलणं सुरू होईना. खोटं तर त्या बोलल्या नव्हत्या, एक अक्षरही नाही. मग हे काय टोचतंय? विचार करता करता त्यांना कळलं. कोटाचं भोक झाकलं तर कोणाचं काही जात नाही, उलट थंडी वाजत नाही. पण तिथे लहान मुलं येणार. चिठ्ठी वाचणार. पानापानात मुंगूस शोधणार. ते त्यांना सापडणार नाही, आणि ती बिचारी म्हणणार, आपल्यालाच दिसत नाही वाटतं. सर आणि ग्रंथपाल बाई मोठे होते, त्यांना शेपटी दिसली म्हणायला येत होतं. मुलांना कसं येणार?

"कळलं," मावशी देवाला म्हणाल्या. "नको इतकं बघूस माझ्याकडे. जाते उद्या आणि सांगते. भिंत गेली तर गेली."

भिंत गेली तर गेली, हे म्हणायला सोपं होतं. पण म्हणताना त्यांचा आवाज जरा ओलाच झाला.

सकाळी दुकान न उघडता त्या वाचनालयात गेल्या. मुलांच्या खोलीत बुटकी स्टुलं मांडलेली होती, कपाटांना नवा रंग होता, आणि खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर, भर उजेडात, मावशींची पानं लावलेली होती. शाळेआधी पुस्तकं बदलायला आलेली तीन-चार पोरं खोलीत घुटमळत होती. मावशींनी क्षणभर नुसतं बघून घेतलं. निदान एक रात्र तरी होतं भिंतीवर, असं त्यांच्या मनात आलं.

"बाई," त्या ग्रंथपाल बाईंना म्हणाल्या, "ते चित्र उतरवा."

"का हो? वाकडं लागलंय का?"

"त्यात मुंगूस दिसत नाही. मी काढलं होतं, एकदा नाही, तीनदा. तिन्ही बिघडली. मग मी त्यांच्यावर पानं काढली. आता वर आहेत ती नुसती पानं."

ग्रंथपाल बाई हसल्या. "मावशी, काहीतरीच काय! मी स्वतः शेपटी बघितलीय."

"कुठे?"

"ही काय!" त्यांनी बोट लावलं.

"ते वाळकं देठ आहे."

"मग सरांना कसं दिसलं?"

"सरांचा चष्मा कुठे होता?"

ग्रंथपाल बाईंचं बोट हवेतच राहिलं. इतक्यात दारातून धापा टाकत नणंद आत आली. "बाई, एक महत्त्वाची गोष्ट सांगायला आले आहे. त्या चित्रात..."

"मुंगूस नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "मावशींनी सांगितलं आत्ताच."

नणंदेचं तोंड उघडं ते उघडंच. रात्रभर वाक्यं जुळवून आणलेली, सगळी वाया गेली. ती मावशींकडे वळली. "मी सांगणार होते ते तुम्ही का सांगितलंत?"

"चुकलं वन्सं. परत सांगा, आम्ही ऐकतो."

ग्रंथपाल बाई मात्र खरंच उदास झाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, त्याच्यावर चढल्या आणि चित्राच्या दोन्ही कडा धरल्या. मावशींनी मान खाली घातली.

"ताई, काढू नका ना! आमचं मोजून व्हायचंय!"

बोलणारी मुलगी दिसतच नव्हती. मग दिसली. ती खिडकीच्या बाजूला, भिंतीला गाल चिकटवून उभी होती आणि एक डोळा मिटून चित्राकडे आडवी बघत होती. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे बोलताना मधूनच वारा सुटायचा.

"काय मोजतेस?"

"मुंगसं. दोन झाली. एक बसलंय, एक पळतंय. समोरून नाही दिसत, इथून दिसतात."

कोणाला काही कळेना. ग्रंथपाल बाई खाली उतरल्या, मुलीच्या मागे गेल्या आणि त्यांनीही भिंतीला गाल लावला. खिडकीतलं सकाळचं ऊन चित्रावर तिरपं, अगदी घसटून पडत होतं. मावशींनी खालचा रंग दिसू नये म्हणून थरावर थर दिलेले. रंग झाकला गेला होता, पण खालच्या मुंगसांची कडन् कड वर फुगून आली होती. प्रत्येक उंचवट्याची बारीक सावली पडली होती. समोरून पान, आणि भिंतीला गाल लावला की पानाखाली शेपटी, पाठ, पंजा.

"मावशी, इकडे या!"

मावशी गेल्या. गाल लावला. भिंत गार होती. उजवीकडचं ते बसलेलं मुंगूस त्यांना दिसलं, ज्याचे फक्त डोळे चुकले होते. या बाजूने बघितलं तर डोळेसुद्धा ठीकच वाटत होते. मधलं ब्रशसारखं होतं ते सावलीत चांगलं अंग ताणून पळत होतं. मावशींना वाटलं, आपण इतकं काही वाईट काढलं नव्हतं.

"हे उतरणार नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "चिठ्ठी तेवढी नवीन लिहिते. भिंतीला गाल लावून बघा, असं." आणि त्या पेन्सिल शोधायला लागल्या. मुलीने उडी मारून ती त्यांच्या अंबाड्यातून काढून दिली.

मावशींनी डोळे मिटले आणि ज्याला सांगायचं त्याला मनातल्या मनात सांगून टाकलं. पण आभार पुरे व्हायच्या आतच मुलगी ओरडली, "तिसरं! तिसरं सापडलं! त्या मोठ्या पानाखाली! ताई, त्या मुंगसाला चष्मा आहे!"

मावशींचे डोळे खाडकन उघडले.

"चष्मा?" नणंद म्हणाली. "बघू, सरक."

"वन्सं, राहू द्या ना, उशीर होतोय, दुकान..."

पण नणंद कसली थांबते! जे बघायला मिळालं नव्हतं ते बघायला मिळतंय म्हटल्यावर तिने पदर खोचला, वाकली, आणि टोकदार नाक भिंतीला आपटणार नाही अशा बेताने गाल टेकवला. जन्मभर झाकलेलं कधी कोणाला सापडलं नव्हतं, आणि सापडलं ते हे!

नणंद बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मान जरा उंच केली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत बघितलं.

"काही चष्माबिष्मा नाही हं," ती शेवटी मुलीला म्हणाली. "प्राण्यांच्या डोळ्यांभोवती तसं वर्तुळ असतं. तुला अजून माहीत नाही." मग ती सावकाश सरळ झाली आणि मावशींकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मावशींनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. "वहिनी, खरं सांगते, बाकीची दोन ठीक आहेत. पण हे फारच छान काढलंय तुम्ही. चेहऱ्यावर हुशारी आहे बघा. नजर कशी चौफेर! हे कशाला झाकलंत?"

मावशींनी पदराचं टोक हळूच ओठांवर धरलं. "मला वाटलं, कोणाला आवडायचं नाही."

"न आवडायला काय झालं? मला विचारायचं होतंत!"

"आजी," मुलगी मावशींना म्हणाली, "हे खरं मुंगूस आहे? कुठे बघितलं तुम्ही?"

"आहे तर," मावशी म्हणाल्या. "आमच्या घरीच असतं."

"घरी?" नणंदेने मान उंच केली, आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. "आणि मला कसं नाही कधी दिसलं?"